कायद्याच्या विद्यार्थ्यांची उमेदवारी



शिक्षक होऊ इच्छिणारे विद्यार्थी शाळांमध्ये येऊन पाठ घेतात. तसे वकील होणाऱ्यानेही शिकता शिकता उमेदवारी करायची असते. तिला इंटर्नशिप म्हणतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे अशी उमेदवारी करावी लागते. ती वकिलाकडे करता येते, तशीच न्यायालयात, विधिमंडळात, स्वयंसेवी संस्थेत किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेतही करता येते. म्हणजे ग्रामपंचायतही तिची जागा होऊ शकते.

शेजारच्या गोव्यात मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालयाचे विद्यार्थी गावोगावी कायदा सल्ला केंद्रे चालवतात. लोकांच्या अडचणी ऐकून ते अर्ज लिहून देतात आणि कोणत्या कार्यालयात जायचे ते सांगतात. यातून गावाचे काम होते आणि विद्यार्थ्याला पुस्तकातील कलम माणसाच्या आयुष्यात कसे उतरते ते कळते.

दिग्गीसारख्या गावाला याचा काय उपयोग? काळी नदीचा उगम आपल्या परिसरातला. चहूकडे जंगल. इथे जमिनीचा प्रश्न म्हणजे बहुधा वनहक्काचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलात राहून त्यावर उपजीविका करणाऱ्यांना दावा करता येतो. जे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यांना त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. हिशेब केला तर १९३० सालापर्यंत मागे जावे लागते.

इतके जुने कागद किती घरांत असतील? नियमांनी यासाठी वाट ठेवली आहे. जुनी घरे, विहिरी, स्मशानभूमी, देवस्थाने हाही पुरावा धरला जातो. दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहितीही पुरावा ठरते. अमुकच कागद आणा, असा हट्ट उपविभागीय व जिल्हा समितीने धरू नये, असे नियमांत स्पष्ट म्हटले आहे. ग्रामसभेचा ठराव मान्य नसल्यास ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.

इथेच उमेदवार विद्यार्थी उपयोगी पडतो. आजोबांचे म्हणणे नीट लिहून घेणे, विहिरीची व देवळाची नोंद करणे, ६० दिवसांची मुदत लक्षात ठेवणे ही कामे तो करू शकतो. मात्र त्या पिढीतील जाणती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर पुरावाही जातो, म्हणून हे काम लांबणीवर टाकता येत नाही.

एक मर्यादाही समजून घ्यावी. विद्यार्थी हा वकील नव्हे. न्यायालयात तो आपली बाजू मांडू शकत नाही. त्यासाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकिलाची सोय केली आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना ती उत्पन्नाची अट न लावता मिळते. आपल्या जिल्ह्याचे प्राधिकरण कारवारला आहे. दूरध्वनी क्रमांक १५१००.

विश्वस्त मंडळाने जवळच्या कायदा महाविद्यालयांना पत्र लिहून सुट्टीत दोन-तीन विद्यार्थी मागवावेत व पालकांनी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करावी, असे सुचवावेसे वाटते.

स्वाध्याय
१. आपल्या वाड्यावरील सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारून गावातील जुन्या विहिरी व देवस्थानांची यादी करा.
२. त्यांनी सांगितलेली माहिती त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली तारीख घाला.
३. विद्यार्थी आणि वकील यांच्या कामात कोणता फरक आहे?