चालू प्रणालीतील बदल

संगणकाची आज्ञावली ओळीओळीने न लिहिता, तयार घटक जुळवून कामकाजाची प्रणाली उभारण्याच्या पद्धतीस ‘लो-कोड’ असे म्हणतात. हे नाव फॉरेस्टर या अमेरिकन संस्थेने २०१४ मध्ये रूढ केले. अशा प्रणालीत बदल करणे सोपे असते. परंतु ती वापरात असताना सेवा खंडित न होऊ देता बदल करणे अवघड असते.

समजा, रुग्णालयाच्या नोंदणीत एकाच दूरध्वनी क्रमांकाचा रकाना आहे आणि त्याऐवजी अनेक क्रमांकांचे स्वतंत्र कोष्टक करावयाचे आहे. जुना रकाना एकदम काढल्यास, ज्या खिडक्यांवर जुने पत्रक उघडे आहे तेथील नोंद अडेल व रुग्ण तिष्ठत राहतील. म्हणून हे काम तीन टप्प्यांत करतात. प्रथम जुन्या रकान्यास धक्का न लावता नवे कोष्टक जोडतात. नंतर प्रत्येक नोंद दोन्ही ठिकाणी होईल अशी व्यवस्था करून पूर्वीचे क्रमांक नव्या कोष्टकात उतरवितात व एकेक खिडकी नव्या पत्रकाकडे वळवितात. या काळात दोष आढळल्यास जुन्या पत्रकाकडे परतता येते. जुन्याचा वापर कोठेही उरला नाही, याची खात्री झाल्यावरच अखेरीस जुना रकाना काढतात.

नवी आवृत्ती कळ दाबताच लागू होते. परंतु आधी जोडावे आणि शेवटी काढावे, हा क्रम माणसानेच पाळावा लागतो.