डब्यातली वही

जमिनीत पुरलेल्या हंड्याची गोष्ट कोणत्या गावात नाही? पडक्या गढीत सोन्याचा हंडा आहे, त्याच्यावर नाग बसला आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. या ऐकीव गोष्टीपायी माणसे रात्री कुदळ घेऊन जातात. चांगली देवळे उकरतात. मांत्रिकाच्या नादी लागून शेत गहाण टाकतात. हाती येते ती माती.

हा गुन्हाही आहे, हे ध्यानात ठेवावे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करण्याला २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने शिक्षा सांगितली आहे. आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन कोणाला सापडले, तर त्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे.

आज आम्ही एका वेगळ्या शोधाची गोष्ट सांगणार आहोत. यात काही उकरायचे नाही. मांत्रिक नाही, अमावास्याही नाही. लागतो फक्त एक मोबाईल, आणि वाचता-लिहिता येणारा माणूस.

या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबा लपवायचा आणि त्या जागेचे दोन आकडे सर्वांना सांगायचे. त्या आकड्यांवरून दुसऱ्याने डबा शोधायचा.

दोन आकड्यांवरून जागा कशी सापडेल? आपण कपाशी चौफुलीवर लावतो. आडवी तासे असतात, उभी तासे असतात. सातवे आडवे तास आणि विसावे उभे तास जिथे मिळते, तिथे एकच झाड असते. पृथ्वीवरही अशाच रेघा मानल्या आहेत. आडव्या रेघेचा आकडा म्हणजे अक्षांश. उभ्या रेघेचा आकडा म्हणजे रेखांश. आपले वाशीम सुमारे २० अंश ६ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७७ अंश ८ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे.

इथे मिनिट म्हणजे घड्याळाचे मिनिट नव्हे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. त्याचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे मिनिट. मिनिटाचे साठ भाग केले की सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जेमतेम ३१ मीटर. आता कळले ना, आकडा नीट वाचणे का महत्त्वाचे आहे? एक अंश चुकला, तर माणूस दुसऱ्याच जिल्ह्यात जायचा!

आपण कुठे उभे आहोत, हे मोबाईल आकाशातल्या उपग्रहांच्या संदेशावरून काढतो. आधी अमेरिकेचे सरकार हे संदेश सामान्य लोकांसाठी मुद्दाम अंधुक ठेवीत असे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ते बंद झाले आणि जागा अचूक कळू लागली. लगेच ३ मे रोजी तिकडच्या ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली लपवली आणि तिचे आकडे जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला.

इंग्लंडात तर खेड्यापाड्यांतल्या जुन्या चर्चजवळ अशा हजारो डब्या ठेवल्या आहेत. डबी शोधायला आलेला माणूस चर्चची जुनी भिंत पाहतो, दगडावरची अक्षरे वाचतो. ज्या गावाला कोणी गेले नसते, त्या गावाला लोक जातात.

गेल्या हिवाळ्यात आम्हीही आमच्या रात्रीच्या वर्गासाठी एक डबा तयार केला. त्यात वही, पेन्सिली आणि चार-दोन लहान वस्तू ठेवल्या. मालकाला विचारून तो एका धुऱ्यावर लपवला. वर्गात आकडे सांगितले, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मास्तर, थ्या डब्यात सोनं हाये का?"

"नाही आजी, वही आहे."

"मंग कायले जाच?"

तरी त्या आल्या. मोबाईलने आम्हाला दहा-पंधरा पावलांपर्यंत नेले. पुढे त्याचे काही चालेना. पोरे झुडपे धुंडाळीत राहिली. आजी मात्र एका दगडापाशी थांबल्या. "हा दगड कोनंतरी पालथा केला. मातीची बाजू वर हाये पाहा." दगड काढला, तर खाली डबा!

ज्याला डबा सापडतो त्याने वहीत नाव लिहायचे, असा नियम आहे. आजींनी जन्मभर अंगठा उठवला होता. सवयीने अंगठाच पुढे आला. मग त्या हसल्या आणि त्यांनी पेन्सिल धरली. अक्षरे वर चढत गेली. एक काना राहिला होता. तो त्यांचा त्यांनाच दिसला आणि त्यांनी तो दिला. नातवासाठी डब्यातली एक पेन्सिल घेतली आणि तिच्या जागी सुई-दोऱ्याची पुडी ठेवली. घ्यावे तेवढे ठेवावे, हाही नियमच आहे.

तिथून आम्ही वाशीमला बालाजीच्या देवळात गेलो. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी ते बांधले. मूर्तीची एक गोष्ट सांगतात. औरंगजेबाच्या काळात मूर्ती जमिनीत लपवली, आणि पुढे जागाच कोणाच्या ध्यानात राहिली नाही. पुष्कळ वर्षांनी ती योगायोगाने दिसली. जागा लिहून ठेवलेली नसली की असे होते.

लिहून ठेवले म्हणजे काय होते, तेही वाशीमनेच दाखवले आहे. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. १९३९ साली इथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तो सोळाशे वर्षांहून जुना आहे. त्यात एक गाव दान दिल्याचा मजकूर आहे. काही मजकूर संस्कृत आहे, पुष्कळसा प्राकृत आहे. प्राकृत ही आपल्या मराठीच्या घराण्यातली जुनी भाषा. कोणी ते तांबे मोडीत घातले असते, तर चार पैसे मिळाले असते. पण मग वत्सगुल्मच्या या राजाची केवढी साक्ष गेली असती!

परतताना आजींनी विचारले, "मास्तर, माह्यं नाव थ्या वहीत राहीन ना?"

आम्ही म्हणालो, "राहील. तुम्ही ते लिहिलं आहे."

प्रश्न
१. अक्षांश आणि रेखांश म्हणजे काय? चौफुलीवरच्या कपाशीचे उदाहरण देऊन सांगा.
२. पुरलेले धन सापडले तर काय करावे?
३. तुमच्या गावातल्या एका जुन्या जागेची माहिती वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळींत लिहा. खाली आपले नाव आणि तारीख घाला.