तट नसलेली बंदिशाळा

जयपूरजवळ सांगानेर येथे एक बंदिशाळा आहे. तिला उंच तट नाही. राजस्थानचे तत्कालीन राज्यपाल संपूर्णानंद यांच्या नावाचे हे खुले बंदी शिबिर १९६३ साली सुरू झाले. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात काढलेले, चांगल्या वर्तनाचे बंदी येथे पत्नी व मुलाबाळांसह राहतात. सकाळी मुलांना शाळेत धाडावे, कामावर जावे, मजुरीतून घरखर्च चालवावा आणि सायंकाळच्या हजेरीपूर्वी परतावे, असा त्यांचा दिनक्रम. शिक्षा संपलेली नसते. नियम मोडल्यास पुन्हा बंद तुरुंग असतोच.

विचार करा, अशा घरी मुलाचा वाढदिवस कसा होत असेल? पाहुणे थोडे, मिठाईही बेताचीच. परंतु बाप हजेरी देऊन आपल्याच उंबरठ्यावर परततो आणि मुलाच्या शेजारी जेवावयास बसतो. आपणांस यात विशेष ते काय, असे वाटेल. भिंतीआड वर्षे काढलेल्या मनुष्यास तसे वाटत नसावे.

२०२४ साली या शिबिराची काही जमीन रुग्णालयासाठी देण्याचे ठरले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रुग्णालयही तेथील लोकांस हवेच आहे. म्हणून हा प्रश्न सोपा नाही.