चित्रकथेत लपलेली गंमत



ग्रंथालयाच्या तासाला तुमच्यापैकी बरेच जण 'ॲस्टेरिक्स' किंवा 'टिनटिन' घेऊन बसता आणि वीस मिनिटांत पुस्तक परत करता. सगळे कळले का, असे विचारले की "हो" म्हणता. कथा कळली हे खरेच. पण या पुस्तकांत कथेच्या आड आणखीही काही दडलेले असते. या अंकात आपण ते शोधू या. पालकांनीही हा पाठ मुलांना जवळ घेऊन वाचावा, अशी विनंती.

'ॲस्टेरिक्स' ही लेखक रने गोसिनी आणि चित्रकार आल्बेर उदेर्झो यांची मालिका. १९५९ साली 'पिलोत' या फ्रेंच साप्ताहिकात ती सुरू झाली. तिच्यातील चाचे तुम्हाला आठवत असतील. बिचाऱ्यांचे जहाज वारंवार बुडते! 'ॲस्टेरिक्स द लीजनरी' (१९६७) या पुस्तकात जहाज बुडाल्यावर ते एका तराफ्यावर दाटीवाटीने बसलेले दिसतात. त्यांचे रडवेले चेहरे पाहून कोणालाही हसू येते. पण ते चित्र म्हणजे एका प्रसिद्ध चित्राची नक्कल आहे. १८१६ साली 'मेड्यूज' नावाचे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यावरील अनेक जणांना तराफ्याचा आसरा घ्यावा लागला. तेओदोर जेरिको या चित्रकाराने १८१८-१९ मध्ये त्या प्रसंगाचे भव्य चित्र काढले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ते चित्र ज्याने पाहिले आहे, तो वाचक त्या पानावर दोनदा हसतो.

येथे अनुवादकांची मात्र पंचाईत झाली. मूळ फ्रेंच पुस्तकात चाच्यांचा कप्तान 'थक्क झालो' या अर्थाचा शब्द उच्चारतो आणि त्या शब्दातच 'मेड्यूज' हे नाव दडलेले आहे. इंग्रजीत ही कोटी जमणे शक्य नव्हते. तेव्हा अँथिया बेल आणि डेरेक हॉक्रिज या अनुवादकांनी कप्तानाच्या तोंडी दुसरे वाक्य घातले आणि त्यात चित्रकाराच्याच नावावर कोटी केली. शब्द बदलले, पण गंमत त्याच जागी राहिली.

लपवलेली प्रत्येक खूण हसवण्यासाठीच असते असे मात्र नाही. 'ॲस्टेरिक्स इन बेल्जियम' (१९७९) या पुस्तकात 'टिनटिन'मधले ते दोन मिशाळ, सारखे दिसणारे गुप्तहेर क्षणभर पाहुणे म्हणून येतात. टिनटिनचे जनक एर्जे हे बेल्जियमचे, म्हणून त्यांना केलेला हा नमस्कारच. याच पुस्तकाची चित्रे पूर्ण होण्याआधी, १९७७ साली, गोसिनी वारले. त्यानंतरच्या पानांवर उदेर्झोंनी आकाश ढगाळ केले, पाऊस पाडला. माहीत नसलेल्या वाचकाला तो नुसता पाऊस वाटतो. माहीत असलेला वाचक तेथे थांबतो.

आता एर्जे यांच्याकडे वळू. 'द ब्रोकन इअर' या पुस्तकात टिनटिन दक्षिण अमेरिकेच्या जंगलातील अरुंबाया लोकांना भेटतो. त्यांची भाषा वाचताना ती कुठली तरी दूरदेशीची भाषा वाटते. खरे पाहता ती ब्रसेल्स शहरातील एका जुन्या वस्तीची बोली आहे! एर्जे यांची आजी ती बोली बोलत असे. नातवाने शब्दांचे स्पेलिंग थोडे वेडेवाकडे केले आणि आजीची बोली जंगलात नेऊन ठेवली. पुढे सिल्डाव्हिया या काल्पनिक देशाची भाषाही त्यांनी तिच्याच आधारे रचली. इतरांना ते अगम्य शब्द वाटले. ब्रसेल्सकर मात्र पोट धरून हसले, कारण ती भाषा त्यांच्या घरातली होती. इंग्रजी अनुवादकांनी त्या जागी लंडनची कॉकनी बोली वापरली, म्हणजे लंडनकरांनाही तशीच गंमत मिळाली.

मित्रांनो, हे वाचताना आम्हाला आपल्या घरांची आठवण झाली. आपल्याकडे शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी आणि घरी मराठी. आजी म्हणते, "आता तुझे शंभर अपराध भरले हं!" आणि नातू विचारतो, "आजी, तू मोजलेस कधी?" शिशुपालाची गोष्ट त्याने ऐकलेलीच नसते. दोष नातवाचा नाही. गोष्ट सांगायची राहून गेली, एवढेच. पण अशा दहा-वीस गोष्टी राहून गेल्या की आजीचे बोलणे नातवाला अरुंबायांच्या भाषेसारखे वाटू लागते. शब्द कानावर पडतात, पण त्यांत दडलेले हसू पोहोचत नाही. मराठी लिहिता-वाचता येणे ही पहिली पायरी आहे. तिच्यातले विनोद कळणे ही त्यापुढची पायरी, आणि ती घरीच चढावी लागते.

म्हणून पालकांना एक सांगणे आहे. मूल चित्रकथा वाचत असेल तर 'वेळ वाया घालवू नकोस' असे एकदम म्हणू नका. शेजारी बसा आणि "हे चित्र तू आधी कुठे पाहिलेस का?" असे विचारा. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती. ग्रंथालयात चित्रकथांच्या कपाटाशेजारी जगप्रसिद्ध चित्रांचा एक संग्रह ठेवता आला, तर मुले तराफ्याचे मूळ चित्र स्वतःच शोधून काढतील.

करून पाहा :

१. तुमच्या आवडत्या चित्रकथेतील एक पान निवडा. मागच्या भिंती, पाट्या आणि गर्दीतील चेहरे नीट पाहा. ओळखीचे काही सापडते का?

२. आजी-आजोबांच्या बोलण्यातील असे एक वाक्य लिहून आणा, ज्यामागे एखादी गोष्ट आहे. ती गोष्टही त्यांच्याकडून ऐकून लिहा.

३. तेच वाक्य हिंदीत सांगा. गंमत टिकली का? टिकली नसेल तर त्या जागी दुसरी कोणती गंमत घालाल?

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. त्यांतील निवडक आम्ही पुढील अंकात छापू.