पावसाळ्यातलं गजकर्ण आणि मेडिकलमधली ट्यूब



पावसाळा लागला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यातल्या वर्गांत कोणी ना कोणी सारखं कंबर नाहीतर मांडी खाजवत असतं. नीट पाहिलं तर गोल चट्टा दिसतो. कड लालसर, उचललेली, खवले सुटणारी आणि मधला भाग त्यामानाने साफ. हेच गजकर्ण, कुणी नायटा म्हणतं. हा किडा नव्हे, बुरशी आहे. ती त्वचा, केस आणि नखांतल्या केराटिनवर जगते.

तिला घाम आणि ओल लागते. आपल्याकडे पावसात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मुलं तीच दमट चड्डी घालून येतात. घरात टॉवेल एक, चादर एक, मग एकाचं गजकर्ण सगळ्यांना. मांजराच्या पिल्लाकडून किंवा वासराकडूनही ते येतं. डोक्यात झालं तर केस तुटून चकती पडते. तिथे नुसत्या मलमाने भागत नाही, डॉक्टर पोटात घ्यायचं औषध देतात.

खरी काळजी वाटते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या 'खाजेच्या ट्यूब'ची. अशा बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही नावं बघा. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि आपण खूश! पण स्टेरॉइड बुरशीला मारत नाही, त्वचेचा प्रतिकार दाबतं. बुरशी आत पसरत राहते. गोल आकार मोडल्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. वर जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे व्रण पडतात. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मिळतातच.

आता बुरशीही चिवट झालीय. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांत सापडलेल्या एका जातीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए' नाव दिलं. नावातच आपला देश आला! टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही.

म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. दिलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावायचं आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांचेही उपचार एकदमच. टाकळ्याची भाजी जरूर खा, पण पाल्याच्या रसावर भिस्त नको. लसूण-चुना तर नकोच, कातडी भाजते.

उपचार सुरू झाले आणि चट्टा कपड्याने झाकला की मुलाला शाळेत पाठवा. वेगळ्या बाकावर बसवायचं कारण नाही, फक्त रुमाल आणि कंगवा त्याचा त्याचा असू द्या.