शॉक ॲब्सॉर्बर : दुरुस्ती की बदल?

प्रश्न : मोटारीचे पुढचे शॉक ॲब्सॉर्बर गळतात. गॅरेजवाले तेल भरून देतो म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, आचरा

उत्तर : ज्याची नळी कारखान्यातच कायमची बंद केलेली असते, असा शॉक ॲब्सॉर्बर कापून, तेल भरून पुन्हा जोडला, तरी सील व दांडा यांची झीज तशीच राहत असल्यामुळे ती दुरुस्ती बहुधा अल्पजीवी ठरते. त्यातून आचऱ्यासारख्या समुद्रकाठच्या गावी क्षारयुक्त हवेने दांड्यावरील क्रोमचा मुलामा गंजून खडबडीत झाला असेल, तर नवे सीलही तो लवकरच झिजवतो. पेच उघडून सुटे होणारे जुन्या घडणीचे शॉक ॲब्सॉर्बर मात्र, दांडा गुळगुळीत असून सुटे भाग मिळत असल्यास, अवश्य दुरुस्त करावेत. सबब, आपले बंद नळीचे असल्यास पुढची जोडी एकदमच बदलावी; एकच बदलल्यास ब्रेक लावताना मोटारीचा तोल बिघडतो.