शरीर ज्याला आपले म्हणते

मुलांनो, उरणच्या किनाऱ्यावर खडकांतून अनवाणी चालताना तुमच्यापैकी कित्येकांच्या पायात कालवाच्या शिंपेचा तुकडा घुसला असेल. तो लगेच काढला नाही तर काय होते? पाय ठणकू लागतो, सुजतो, जखमेत पू होतो. असे का होते? बाहेरची वस्तू आत शिरली, की शरीर तिला ओळखते. 'ही माझी नाही' असे जणू ते म्हणते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तिच्यावर धावून जातात.

आता दुसरे उदाहरण पाहा. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेली एखादी नानी किंवा दादी तुमच्या घरात असेल. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात एक छोटे भिंग बसवलेले असते. तेही बाहेरचेच. तरीही डोळा सुजून येत नाही. ती त्याच भिंगातून वर्षानुवर्षे पाहते, वाचते. शिंपेचा तुकडा नाकारणारे शरीर हे भिंग कसे स्वीकारते?

याचे उत्तर पदार्थाच्या निवडीत आहे. शरीराला अपाय न करता त्याच्या सहवासात राहून काम करणारा, उपचारासाठी वापरलेला पदार्थ म्हणजे जैवपदार्थ. तो धातू असेल, प्लॅस्टिक असेल किंवा झाडापासून, प्राण्यापासून मिळालेला असेल. पण तो चांगला की वाईट, हे शेवटी शरीरच ठरवते.

डोळ्यातील भिंगाची कथा मोठी मजेदार आहे. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या आच्छादनाचे बारीक तुकडे घुसले. ते आच्छादन ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकचे होते. इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की हे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा फारसा बिघडत नाही. मग याच पदार्थाचे भिंग का करू नये? १९४९ साली त्यांनी लंडन येथे असे भिंग पहिल्यांदा रुग्णाच्या डोळ्यात बसवले.

काही जैवपदार्थ शरीरात कायमचे राहतात. मोडलेल्या हाडाला आधार देणारी टायटॅनियम धातूची पट्टी तशीच राहू शकते. काही पदार्थ मात्र काम संपल्यावर विरून जातात. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा येथे अबुल कासिम अल-जहरावी हे थोर शल्यवैद्य होऊन गेले. शरीराच्या आतील टाक्यांसाठी त्यांनी जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा वापरला. जखम भरेपर्यंत असा दोरा टिकतो आणि मग शरीरात विरघळतो. तो काढण्यासाठी पुन्हा चिरावे लागत नाही.

आता आपल्या समोरच्या मुंबईकडे वळू. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला तुम्ही गेला असाल. त्या शहरात भाजलेल्या रुग्णांसाठी जे काम झाले, ते प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे.

आपली त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. माणूस फार भाजला, की ही तटबंदी ढासळते. शरीरातील पाणी बाहेर झिरपते आणि जंतू आत शिरतात. म्हणून जखम झाकावी लागते. पण साधे कापड जखमेला चिकटते. ते काढताना नवी कोवळी त्वचाही निघते आणि रुग्ण कळवळतो. न चिकटणारी आच्छादने मिळतात. पण ती महाग असतात.

मुंबईतील डॉक्टरांनी यावर स्वयंपाकघरात उपाय शोधला. डॉ. केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली आणि १९८५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरून पाहिले. पान गुळगुळीत असते, ओलावा धरून ठेवते आणि जखमेला चिकटत नाही. ते पट्टीच्या कापडावर चिकटवून वाफेने निर्जंतुक केले जाते. दोन्ही आच्छादनांची तुलना केली, तेव्हा गुण सारखेच आढळले. मात्र केळीचे पान बटाट्याच्या सालीपेक्षा अकरा पटींनी स्वस्त पडले.

पण मुलांनो, हे वाचून घरी कोणी भाजले तर परसातले पान तोडून लावू नका! त्या पानावर जंतू असतात. रुग्णालयातील पान निर्जंतुक केलेले असते. घरी भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, तेल यांतले काहीही लावू नका. मग रुग्णाला दवाखान्यात न्या.

फार खोल भाजले असेल, तर पानही पुरेसे पडत नाही. तेथे माणसाचीच त्वचा हवी. यासाठी २००० साली शीवच्या रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय आणि पाठ येथील त्वचेचा फक्त पातळ पापुद्रा काढतात. त्यामुळे देह विद्रूप होत नाही. तो पापुद्रा ग्लिसरॉलमध्ये पाच वर्षांपर्यंत टिकतो. रक्तगट जुळण्याचीही गरज नसते.

तुम्ही विचाराल, ही त्वचाही परकीच ना? होय. काही आठवड्यांनी शरीर तिला ओळखते आणि टाकून देते. पण तेच दिवस मोलाचे असतात. तेवढ्या काळात जंतू दूर राहतात, वेदना कमी होतात आणि शरीराला बळ मिळते. मग रुग्णाची स्वतःची त्वचा तेथे लावता येते. पाहुणी म्हणून आलेली त्वचा घर राखते आणि मालक परतला, की निघून जाते.

भिंग कारखान्यात बनते, धातू खाणीतून मिळतो, केळीचे पान परसात मिळते. पण माणसाची त्वचा कोणत्याही बाजारात मिळत नाही. कोणीतरी ती दिली, तरच दुसऱ्याला मिळते. कोणाच्या तरी घरात दुःखाचा प्रसंग असतो आणि त्याच वेळी त्या घरातील माणसे एका अनोळखी रुग्णाचा विचार करतात. अशा माणसांमुळे कित्येकांचे प्राण वाचतात. हे आपण विसरता कामा नये.

शब्दार्थ
जखम – ज़ख़्म. त्वचा – जिल्द. परका – ग़ैर. तटबंदी – फ़सील. पापुद्रा – बारीक परत. शल्यवैद्य – जर्राह. निर्जंतुक – जंतू नसलेले

स्वाध्याय
१. जैवपदार्थ म्हणजे काय?
२. केळीचे पान जखमेवर उपयोगी का पडते? ते घरी का लावू नये?
३. 'पाहुणी त्वचा घर राखते' याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. उपक्रम : भाजल्यावर काय करावे व काय करू नये, याचा फलक मराठीत व उर्दूत तयार करून वर्गात लावा.